गुंतागुंत मोजणारी माणसं

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात फोर्ट मीड इथे नॅशनल सिक्युरिटी एजन्सी या गुप्तचर संस्थेचं मुख्यालय आहे. 1970 च्या दशकात तिथे काम करणाऱ्या थॉमस मॅकेब यांच्याकडे एकदा एक टेप आली. टेपवर फोरट्रान भाषेत लिहिलेली 24 सबरुटीन, म्हणजे एका मोठ्या प्रोग्रॅमचे 24 तुकडे होते. ज्या ग्राफिक्स यंत्रणेतून ते उचलले होते, तिथे चूक खपण्यासारखी नव्हती. मॅकेब यांनी ते तुकडे आपल्या 'फ्लो' नावाच्या प्रोग्रॅममध्ये घातले. फ्लो प्रत्येक तुकड्याला एक आकडा देई. हा आकडा 10 च्या आत असावा, असं मॅकेब यांचं मत होतं. टेपवरच्या काही तुकड्यांचे आकडे आले ते असे: 16, 17, 24, 24, 32, 34, 41, 54, 56 आणि 64.

हे आकडे घेऊन मॅकेब त्या प्रकल्पातल्या लोकांकडे गेले. तेव्हा त्यांना कळलं, की हे तुकडे मुद्दाम निवडून दिलेले होते. सगळ्यात जास्त डोकेदुखी त्यांचीच होती. कोणता तुकडा किती भरवशाचा, याची क्रमवारी त्या लोकांनीही लावली होती. मॅकेब यांच्या आकड्यांनी लावलेली क्रमवारी तिच्याशी बरीचशी जुळली. तो कोड काय काम करतो याच्याशी फ्लोला काहीही कर्तव्य नव्हतं. फक्त वाटा कुठे फुटतात आणि कुठे मिळतात, एवढंच त्याने पाहिलं होतं.

डिसेंबर 1976 मध्ये मॅकेब यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि सॉफ्टवेअरची गुंतागुंत आकड्यात मांडता येते, ही गोष्ट जगभरच्या प्रोग्रॅमरांपर्यंत पोहोचली. पुढच्या पन्नास वर्षांत सॉफ्टवेअरची घडण पार बदलून गेली. एका यंत्रावर चालणाऱ्या एका प्रोग्रॅमच्या जागी शेकडो, कधी हजारो छोट्या सर्व्हिस आल्या आणि त्या नेटवर्कवरून एकमेकींशी बोलू लागल्या. गुंतागुंत आपली जागा बदलत राहिली आणि मोजणाऱ्यांना तिच्या मागे जावं लागलं. या पाठलागाची ही हकीकत.

मोजण्याची गरज मुळात भासली ती संकटातून. ऑक्टोबर 1968 मध्ये जर्मनीतल्या गार्मिश या डोंगराळ गावात नाटो संघटनेच्या पुढाकाराने एक परिषद भरली. 11 देशांतले पन्नासहून अधिक तज्ज्ञ तिथे जमले होते. संगणक झपाट्याने ताकदवान होत होते, पण त्यांच्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅम वेळेवर तयार होत नव्हते, ठरलेल्या पैशांत बसत नव्हते आणि हाती आले तरी चुकांनी भरलेले असत. 'सॉफ्टवेअर क्रायसिस' हा शब्द याच परिषदेमुळे रूढ झाला.

त्या संकटाचं सर्वांत ठळक उदाहरण आयबीएम कंपनीत घडलं होतं. तिने 1964 मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/360 या संगणकांसाठी ओएस/360 ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार होत होती. फ्रेड ब्रूक्स त्या कामाचे प्रमुख होते. काम ऐन भरात असताना त्यावर हजाराहून अधिक माणसं होती. 1963 ते 1966 या काळात सुमारे 5,000 मनुष्यवर्षं त्यात गेली, असा ब्रूक्स यांचा अंदाज. तरीही सिस्टिम उशिरा आली आणि सुरुवातीला तिने चांगलाच त्रास दिला. ब्रूक्स यांनी 1975 मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात आपला अनुभव मांडला. रखडलेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी रखडतो, हा त्यांचा निष्कर्ष आजही प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत ऐकू येतो. त्यामागे एक साधं गणित आहे. दहा माणसांनी एकमेकांशी बोलायचं तर 45 जोड्या होतात. पन्नास माणसांच्या होतात 1,225. माणसं पाचपट झाली, तर बोलण्याच्या वाटा सत्तावीसपट झाल्या. ब्रूक्स यांनी हे गणित माणसांसाठी मांडलं होतं. तीस वर्षांनी तेच प्रोग्रॅमना लागू पडायचं होतं.

मॅकेब यांच्या आधी प्रोग्रॅमचं मोजमाप म्हणजे ओळींची मोजणी. हजार ओळींचा प्रोग्रॅम शंभर ओळींच्या दहापट अवघड, असा ढोबळ हिशेब होता. मॅकेब यांनी दाखवून दिलं, की ओळी फसवतात. 50 ओळींचा एक प्रोग्रॅम घ्या आणि त्यात 'असं असेल तर हे कर' अशा 25 अटी एकापुढे एक ठेवा. प्रत्येक अटीपाशी दोन वाटा. मग त्या प्रोग्रॅममधून जाण्याचे मार्ग होतात 2 चा 25 वा घात, म्हणजे 3 कोटी 35 लाख 54 हजार 432. एका पानात मावणारा हा प्रोग्रॅम सर्व मार्गांनी तपासून पाहणं कुणालाच शक्य नाही.

मॅकेब यांनी त्यासाठी आलेख सिद्धांत हाती घेतला. प्रोग्रॅममधला प्रत्येक टप्पा म्हणजे एक गोल. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाणं म्हणजे एक बाण. बाणांच्या संख्येतून गोलांची संख्या वजा करायची आणि 2 मिळवायचे. येणाऱ्या उत्तराला ते 'सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी' म्हणत. आकृती काढायची नसेल, तर त्याहून सोपी रीत आहे. अटी मोजायच्या आणि एक मिळवायचा.

एसटीच्या तिकिटाचा हिशेब करणारा छोटा कोड डोळ्यांपुढे आणा. प्रवासी पाच वर्षांच्या आतला आहे का? तिकीट नाही. बारापर्यंतचा? अर्धं तिकीट. 75 वा त्याहून जास्त वय? मोफत. 65 पूर्ण? अर्धं. महिला? अर्धं. यातलं काहीच नसेल, तर पूर्ण तिकीट. अटी पाच, म्हणून गुंतागुंत 6. हा कोड नीट तपासायचा तर निदान सहा वेगळ्या प्रवाशांची तिकिटं काढून पाहायला हवीत, असं हा आकडा टेस्टरला सांगतो. उद्या सरकारने एखादी नवी सवलत जाहीर केली तर आकडा 7 होईल आणि सातवी चाचणी लिहावी लागेल. गुंतागुंत आणि तपासणीचे कष्ट यांची अशी थेट सांगड ओळींच्या मोजणीत कधीच नव्हती. मॅकेब यांच्या आकड्याचं बळ तिच्यात आहे.

त्या शोधनिबंधात मॅकेब यांनी माणसांबद्दलही एक निरीक्षण नोंदवलं आहे. कसलंही खास प्रशिक्षण नसलेले काही प्रोग्रॅमर सातत्याने 3 ते 7 गुंतागुंतीचा कोड लिहीत. काहींचा कोड मात्र बऱ्याचदा 40 ते 50 च्या घरात असे आणि हे दुसऱ्या कुठल्याही प्रकारे लिहिताच येणार नाही, असं त्यांचं ठाम म्हणणं असे.

त्याच सुमारास पर्ड्यू विद्यापीठातले मॉरिस हॉल्स्टेड वेगळ्या मार्गाने निघाले होते. प्रोग्रॅममध्ये चिन्हं किती प्रकारची आहेत आणि किती वेळा आली आहेत हे मोजलं, की त्यावरून लिहिण्याचे कष्ट, लागणारा वेळ आणि राहिलेल्या चुकासुद्धा काढता येतील, असा त्यांचा विश्वास होता. 1977 च्या पुस्तकात त्यांनी या विचाराला 'सॉफ्टवेअर सायन्स' असं नाव दिलं. पदार्थविज्ञानासारखे नियम सॉफ्टवेअरलाही असतील, ही त्यांची आशा पुढच्या संशोधनात टिकली नाही. मॅकेब यांचा आकडाही टीकेतून सुटला नाही. 1988 मध्ये ब्रिटिश संशोधक मार्टिन शेपर्ड यांनी तोवरचे अभ्यास पुन्हा तपासले आणि अनेक ठिकाणी हा आकडा ओळींच्या मोजणीपेक्षा फार जास्त काही सांगत नाही, असं स्पष्ट म्हटलं. तरी तो टिकला. आजही हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत कोड जमा करताना तपासणीचं टूल लाल खूण दाखवतं, तेव्हा त्यामागे बहुधा मॅकेब यांचं सूत्र किंवा त्यावरून निघालेलं एखादं नवं सूत्र असतं.

मॅकेब आणि हॉल्स्टेड हे दोघेही तुकड्याच्या आत पाहत होते. तुकड्यांच्या मध्ये काय चाललंय, हा प्रश्न दुसऱ्या काही जणांना पडला होता.

डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्येच दाखवलं होतं, की एकच प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी तोडता येतो आणि दोन्ही तऱ्हांनी तो व्यवस्थित चालतो. फरक कळतो तो बदल करायची वेळ आल्यावर. एका तऱ्हेत बदल एका तुकड्यापुरता राहतो, दुसरीत तो जवळजवळ सगळ्या तुकड्यांना जाऊन भिडतो. त्यानंतर दोन वर्षांनी वेन स्टीव्हन्स, ग्लेनफर्ड मायर्स आणि लॅरी कॉन्स्टंटाइन यांनी आयबीएमच्या नियतकालिकात लेख लिहून या विचाराला दोन शब्द दिले. दोन तुकडे एकमेकांवर किती अवलंबून आहेत ते 'कपलिंग' आणि एका तुकड्याच्या आतल्या गोष्टी एकाच कामाच्या किती आहेत ते 'कोहेजन'. कपलिंग कमी हवं, कोहेजन जास्त हवं. पुणे-मुंबईतल्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे वाक्य परीक्षेत लिहिलेलं असतं.

पण कमी म्हणजे किती? 1981 मध्ये सॅली हेन्री आणि डेनिस काफुरा यांनी त्याला आकडा दिला. एखाद्या तुकड्यात किती ठिकाणांहून माहिती येते आणि त्यातून किती ठिकाणी जाते, हे त्यांनी मोजलं. या दोन संख्यांचा गुणाकार करायचा, त्याचा वर्ग करायचा आणि तुकड्याच्या लांबीने गुणायचं. माहिती तीन ठिकाणांहून येते आणि चार ठिकाणी जाते, तर लांबीला 144 ने गुणावं लागतं. येणारी एक आणि जाणारी एक वाट वाढली की गुणक एकदम 400 होतो. दोनच जोडण्यांनी एवढा फरक पडतो, हे सूत्र पाहून अनेकांना अतिशयोक्ती वाटली. हेन्री आणि काफुरा यांनी मात्र ते कागदावर सोडलं नाही. युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडवर त्यांनी ते लावलं आणि ज्या भागांत प्रत्यक्षात दुरुस्त्या कराव्या लागल्या होत्या, त्यांच्याशी ताडून पाहिलं. जास्त आकड्यांचे भाग आणि जास्त दुरुस्त्यांचे भाग बऱ्याच प्रमाणात एकच निघाले.

1988 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एलेन वायुकर यांनी मोजणाऱ्यांनाच कसोटीला लावलं. गुंतागुंतीच्या चांगल्या मापात कोणते गुण हवेत, याची नऊ कलमांची यादी त्यांनी केली. शेवटचं कलम सांगत होतं, की दोन प्रोग्रॅम एकत्र जोडल्यावर होणारी गुंतागुंत कधी कधी दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त असते आणि मापात हे दिसायला हवं. मॅकेब यांचा आकडा या कलमाला उतरला नाही. जोडण्यातून जे नवीन निर्माण होतं, ते त्याला दिसत नव्हतं. पुढे सर्व्हिसच्या युगात सगळ्यात जास्त महाग पडलं ते हेच.

दरम्यान माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकाच तुकड्यात बांधणारी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धत रुजली होती. एमआयटीत श्याम चिदंबर आणि ख्रिस केमरर यांनी तिच्यासाठी सहा मापांचा संच तयार केला. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा शोधनिबंध या क्षेत्रात आजही वारंवार आधाराला घेतला जातो. सहांपैकी एक माप कपलिंगचं होतं आणि एक कोहेजनचं. 1996 मध्ये व्हिक्टर बॅसिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेरीलँड विद्यापीठात विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या प्रणालींवर ही मापं पडताळली आणि चुका कोणत्या भागांत निघतील याचा त्यांतल्या बहुतेक मापांवरून अंदाज बांधता येतो, असं दाखवलं.

1996 मध्येच गार्टनर या सल्लागार संस्थेच्या रॉय शुल्ट आणि येफिम नातिस यांनी 'सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर' ही कल्पना मांडली. मोठ्या कंपन्यांत तोवर डझनांनी प्रोग्रॅम साचले होते. हिशेबाचा एक, गोदामाचा दुसरा, ग्राहकांचा तिसरा. ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले होते. प्रत्येक प्रोग्रॅमने आपलं काम सर्व्हिस म्हणून इतरांसाठी खुलं करावं, मागणी आणि उत्तर यांचा नमुना ठरवून द्यावा, आतला कारभार आपल्यापाशी ठेवावा, असा हा विचार होता. मे 2000 मध्ये सोप या संदेशपद्धतीचा आराखडा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमपुढे आला. मार्च 2001 मध्ये सर्व्हिसचं वर्णन करणाऱ्या डब्ल्यूएसडीएल या भाषेचा आराखडाही तिथे आला. बँका, विमा कंपन्या आणि विमान कंपन्यांनी या पद्धतीवर पैसा ओतला. भारतातल्या आयटी कंपन्यांनाही त्यातून मोठं काम मिळालं.

आता जुनी मापं तोकडी पडू लागली. एसटीच्या तिकिटाचंच उदाहरण पुढे नेऊ. समजा, भाडं काढणारी एक सर्व्हिस, मोकळ्या सीट सांगणारी आणि राखून ठेवणारी दुसरी, पैसे घेणारी तिसरी आणि मेसेज पाठवणारी चौथी आहे. भाड्याच्या कोडचा आकडा पूर्वी होता तसाच 6 आहे. बाकीच्या तिघींचे आकडेही दहाच्या आत आहेत. मॅकेब यांच्या मोजपट्टीवर सगळं आलबेल. पण पैसे गेले आणि सीट राखून ठेवणाऱ्या सर्व्हिसचं उत्तरच आलं नाही, तर? सीट मिळाली की नाही, पैसे परत करायचे की पुन्हा विचारायचं? हा प्रश्न चौघींपैकी एकीच्याही कोडमध्ये पूर्णपणे दिसत नाही.

सर्व्हिसच्या मधल्या या नव्या जागेचं मोजमाप करण्याचं महत्त्वाचं काम ऑस्ट्रेलियात झालं. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात मिखाइल पेरेप्लेचिकोव्ह, कॅस्पर रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 पासून सर्व्हिससाठी खास मापं मांडली. कपलिंगचे त्यांनी थर केले: सर्व्हिसच्या आतल्या भागांमधलं, दोन सर्व्हिसमधलं थेट आणि तिसरीच्या मार्फत होणारं अप्रत्यक्ष. सगळ्या थरांना सारखं वजन देऊन चालणार नव्हतं. सर्व्हिसच्या आतला संबंध तिचा मालक हवा तेव्हा बदलू शकतो, बाहेरच्या संबंधात दुसऱ्या टीमला विचारावं लागतं. कोहेजनसाठी त्यांनी मुख्यतः सर्व्हिसचा बाहेरचा चेहरा पाहिला. सर्व्हिस देत असलेल्या सगळ्या क्रिया एकाच प्रकारच्या माहितीवर चालतात का आणि ग्राहक त्या सगळ्या वापरतात की प्रत्येक जण वेगळीच एखादी, असे ते प्रश्न होते.

पोर्तुगालमधल्या मदेरा विद्यापीठात जॉर्ज कार्दोसो यांनी सर्व्हिस एकत्र गुंफून केलेल्या व्यवसायप्रक्रियांना मॅकेब यांची कल्पना लावली आणि तिच्यात मोलाची भर घातली. वाट फुटते तिथे एकच फाटा निवडायचा असेल, तर गुंतागुंत फाट्यांइतकी. सगळे फाटे एकाच वेळी चालवायचे असतील, तर 1. त्यांतले कोणतेही, एक किंवा अनेक, चालू शकत असतील, तर 2 च्या फाट्यांइतक्या घातातून एक वजा. चार फाट्यांना ती 15 होते. गृहकर्जाच्या अर्जासोबत मिळकतीची, पगाराची, जामीनदाराची आणि जुन्या कर्जाची यांपैकी गरजेप्रमाणे कोणतीही तपासणी होऊ शकत असेल, तर आकृतीतल्या त्या एका चौकोनापाशी पंधरा वेगवेगळ्या परिस्थिती संभवतात.

विद्यापीठांत ही मापं घडत असताना उद्योग बराच पुढे निघून गेला होता. 2006 मध्ये संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांना दिलेल्या मुलाखतीत ॲमेझॉनचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी वर्नर व्होगल्स यांनी सांगितलं, की त्यांच्या वेबसाइटचं पहिलं पान उघडताना शंभराहून अधिक सर्व्हिसना विचारणा होते. 2014 मध्ये जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांनी 'मायक्रोसर्व्हिसेस' या शैलीचं सविस्तर वर्णन केलं आणि ती जगभर पसरली. इथे ब्रूक्स यांचं जोड्यांचं गणित परत येतं. शंभर सर्व्हिसमध्ये 4,950 जोड्या संभवतात. प्रत्येक सर्व्हिस प्रत्येकीशी बोलत नाही, हे खरं. पण कोण कोणाशी बोलतं याची खात्रीची यादी अनेक कंपन्यांकडे नव्हती. कोड वाचून ती मिळेना, कारण सर्व्हिसचे पत्ते चालू यंत्रणेत ठरत होते.

मग मोजणारे कोड सोडून चालू यंत्रणेकडे वळले. गूगलने 2010 मध्ये 'डॅपर' या आपल्या अंतर्गत साधनाची माहिती प्रसिद्ध केली. ग्राहकाची विनंती आत येताच तिला एक क्रमांक द्यायचा आणि ती ज्या ज्या सर्व्हिसकडे जाईल, तिथे तो क्रमांक सोबत पाठवायचा. कोणी कोणाला कधी बोलावलं आणि उत्तराला किती वेळ लागला, याची नोंद त्या क्रमांकाखाली जमत जाते. सुरुवातीला गूगलने 1,024 विनंत्यांमागे एकीचाच असा माग काढला. विनंत्या इतक्या प्रचंड होत्या, की तेवढा नमुना पुरला. त्यावरून ट्विटरने 'झिपकिन' केलं आणि 2012 मध्ये ते सर्वांना खुलं केलं. उबरने 2017 मध्ये 'येगर' खुलं केलं.

अशा यंत्रणांमध्ये उशीर कसा वाढतो, याचा एक हिशेब गूगलच्या जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी 2013 मध्ये मांडला. एखादा सर्व्हर शंभरातल्या 99 वेळा झटकन उत्तर देतो आणि एकदाच एका सेकंदाहून जास्त वेळ घेतो. एकट्या सर्व्हरसाठी ही कामगिरी चांगली म्हणावी लागेल. पण एका पानासाठी अशा शंभर सर्व्हरना एकदम विचारायचं असेल आणि सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय पान पूर्ण होणार नसेल, तर 100 पैकी 63 ग्राहकांना सेकंदाहून जास्त थांबावं लागतं. वायुकर यांचं नववं कलम इथे प्रत्यक्ष आकड्यांत उतरलं.

2020 मध्ये उबरच्या इंजिनिअरांनी लिहून टाकलं, की त्यांच्याकडे सुमारे 2,200 महत्त्वाच्या मायक्रोसर्व्हिस झाल्या आहेत. एखाद्या बिघाडाचं मूळ शोधायला कधी कधी 12 वेगवेगळ्या टीमच्या जवळपास 50 सर्व्हिस धुंडाळाव्या लागत. त्यांनी सर्व्हिस कमी केल्या नाहीत, त्यांचे 70 गट पाडले आणि गटाबाहेरच्याने आत येताना ठरलेल्या दारातूनच यावं, असा नियम केला. पार्नास यांनी 1972 मध्ये सांगितलेली गोष्ट एका मोठ्या पातळीवर पुन्हा करावी लागली. सेगमेंट ही कंपनी याहून पुढे गेली. 140 हून अधिक सर्व्हिस सांभाळणं तिच्या छोट्या टीमला झेपेना, तेव्हा तिने त्या पुन्हा एकाच प्रोग्रॅममध्ये आणल्या.

या इतिहासातला एक ताजा धडा मुंबईत आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल 2016 मध्ये यूपीआय सुरू केलं. भाजीवाल्याचा क्यूआर कोड स्कॅन करून 40 रुपये पाठवले, की मागे काय घडतं ते पाहा. ग्राहकाचं ॲप आपल्या बँकेमार्फत कॉर्पोरेशनच्या स्विचला विनंती देतं. स्विच भाजीवाल्याच्या बाजूला विचारून त्याचं खातं ठरवून घेतो. मग ग्राहकाच्या बँकेला पैसे वजा करायला सांगतो आणि तिचा होकार आल्यावर भाजीवाल्याच्या बँकेला जमा करायला सांगतो. शेवटी दोन्ही बाजूंना कळवतो. चार-पाच संस्था, प्रत्येकीचे आपले सर्व्हर आणि प्रत्येकीकडून काही सेकंदांत उत्तराची अपेक्षा. ऑगस्ट 2023 मध्ये अशा व्यवहारांची संख्या एका महिन्यात 1,000 कोटींच्या पुढे गेली आणि दोन वर्षांनी 2,000 कोटींच्या.

12 एप्रिल 2025 च्या शनिवारी ही यंत्रणा काही तास अडखळली. देशभर दुकानांत पैसे अडकले. नंतर कॉर्पोरेशनने जे कारण दिलं, ते गुंतागुंतीचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. व्यवहाराचं उत्तर आलं नाही, तर 'त्याचं काय झालं?' असं विचारायची सोय बँकांना दिलेली आहे. ही यंत्रणेतली अगदी साधी विचारणा आहे, तिच्यात पैसे हलतसुद्धा नाहीत. काही बँका ती पुन्हा पुन्हा, जुन्या व्यवहारांसाठीही पाठवत राहिल्या आणि त्या लोंढ्याखाली यंत्रणा दबली. त्यानंतर एका व्यवहाराबाबत दोन तासांत जास्तीत जास्त तीनदाच विचारायचं, अशी मर्यादा घालण्यात आली.

मॅकेब यांच्या सूत्राने त्या विचारणेचा कोड मोजला असता, तर आकडा अगदी लहान आला असता. हेन्री आणि काफुरा यांच्या सूत्राने तिथे किती ठिकाणांहून वाटा येतात, हे दाखवलं असतं. पण त्या वाटांवरून दर सेकंदाला किती जण येतात आणि उत्तर उशिरा आलं की ते किती वेळा परत येतात, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. सर्व्हिसवर उभ्या असलेल्या यंत्रणेचं कोणतंही एक माप पुरेसं नाही, असा निर्वाळा ही पन्नास वर्षं देतात. आतला कोड, मधल्या जोडण्या आणि चालू असतानाची वर्दळ, तिन्ही मोजावं लागतं आणि तिन्ही एकत्र ठेवून वाचावं लागतं.

त्याहून महत्त्वाची एक गोष्ट या इतिहासात वारंवार दिसते. जी मापं टिकली, ती कुणीतरी प्रत्यक्ष बिघाडांच्या नोंदींशी ताडून पाहिली म्हणून टिकली. युनिक्सचा कोड विद्यापीठांना पाहायला मिळत होता, म्हणून हेन्री आणि काफुरा आपलं सूत्र तपासू शकले. सर्व्हिसच्या मापांच्या बाबतीत नेमकं इथेच घोडं अडलं आहे. शोधनिबंधांत मापं भरपूर सुचवली गेली आहेत, पण खऱ्या, मोठ्या यंत्रणांवर पडताळलेली थोडी आहेत, कारण त्या यंत्रणांच्या नोंदी कंपन्यांच्या आत बंद असतात.

भारताला इथे एक मोठी संधी आहे. तांत्रिक कारणांमुळे किती टक्के व्यवहार फसले, याचे बँकनिहाय आकडे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन नियमितपणे प्रसिद्ध करतं. त्याच्या पुढचं पाऊल उचलायला हवं. कोणती विचारणा कोणत्या साखळीत अडली, किती वेळा परत आली आणि दुरुस्तीला किती वेळ लागला, याच्या नोंदी ग्राहकांची खासगी माहिती काढून संशोधकांना मिळाल्या पाहिजेत. रिझर्व्ह बँकेने तसा आग्रह धरावा. बँकांनी आपल्या बिघाडांचे अहवाल न लपवता मांडावेत. आणि परीक्षेपुरतं मॅकेब यांचं सूत्र सोडवणाऱ्या आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी या नोंदींवर काम करण्याची तयारी आतापासून ठेवावी. कोट्यवधी लोकांचा रोजचा पैसा ज्या यंत्रणेवर चालतो, तिची गुंतागुंत मोजण्याचं काम तिच्या मालकांवरच सोपवून चालणार नाही.